गेन म्हणजे आवाज नव्हे

आमच्या घराण्यात हळू बोलण्याची पद्धत नाही. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. एका खोलीत चार वर्ग बसत, त्यामुळे चौथीचा भूगोल पहिलीच्या पाढ्यांवरून उचलून शेवटच्या बस्करापर्यंत न्यावा लागे. तिथं कमावलेला आवाज संध्याकाळी फळ्यामागे ठेवून घरी यावं, असं त्यांना कधी वाटलं नाही. थोरले बंधू लातूरच्या बाजारात आडत करतात. तुरीच्या ढिगाभोवती वीस माणसं एकदम बोलत असताना ज्याचा आवाज वर राहतो त्याचीच तूर विकली जाते, असा त्यांचा सिद्धांत आहे. राहता राहिलो मी. मी नांदेडच्या कोषागारात बत्तीस वर्षं खिडकीमागे बसलो. खिडकीला जाळी, जाळीला काच, काचेला बशीएवढं भोक आणि भोकाच्या पलीकडे पेन्शनर. आता पेन्शनरला रक्कम हळू सांगितली तर ती त्याला ऐकू येत नाही, आणि मोठ्यानं सांगितली तर मागच्या सगळ्या रांगेला ऐकू येते. मी दुसरा मार्ग पत्करला. नांदेडातल्या निम्म्या पेन्शनरांची पेन्शन उरलेल्या निम्म्यांना पाठ होती, ती माझ्यामुळे.

या आरडाओरड्यात आई एकटी हळू बोलणारी. गंमत अशी, की घरात शेवटी व्हायचं ते तिच्याच मनासारखं. वडील अर्धा तास गर्जत. मग ती एक वाक्य बोले, आणि वडील टोपी घालून, पिशवी घेऊन, तिनं सांगितलेली भाजी आणायला निघत.

आता आईचं वय अठ्ठ्याऐंशी. वडील गेल्यापासून ती आम्हां दोघा भावांत वाटून राहते. पाडवा ते पाडवा असा करार आहे. गुढीपाडव्याला लातूरला जायचं आणि दिवाळीच्या पाडव्याला नांदेडला यायचं. हिशेब केला तर दादाच्या वाट्याला सात महिने येतात आणि माझ्या वाट्याला पाच. हे थोरलेपणाचं व्याज आहे, असं दादा म्हणतो. तसं पाहिलं तर नांदेड आणि लातूर यांच्यात कुठलीच वाटणी सरळ होत नाही. २००९ साली नवं महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं तेव्हा लातूर रस्त्यावर उतरलं होतं, आणि दादा व मी पुढचे दोन महिने फोनवर 'आईला दे' यापलीकडे एक अक्षर बोललो नव्हतो. आयुक्तालयाचं काय व्हायचं ते होवो; आई मात्र नेमानं जाते-येते.

दहा-बारा वर्षांपूर्वी आईला कमी ऐकू यायला लागलं. त्यावर आमच्या घराण्यात जो एकमेव उपाय होता तो आम्ही केला. आवाज वाढवला. नांदेडला मी वाढवला, लातूरला दादानं वाढवला. शेजाऱ्यांनी आमच्याकडे चौकशीला येणं सोडून दिलं. चौकशी करण्यासारखं काही शिल्लकच राहत नसे.

पण उपाय लागू पडेना. दोन वर्षांपूर्वी चिरंजीव आणि सूनबाई पुण्याहून आले. रिक्षा दारात थांबलेली पाहून मी आत ओरडलो, "आई, सून आली!"

आई म्हणाली, "बरं."

"अगं, सून आली, सून!"

"ऐकलं रे. ऊन आलं, तर पापड टाका वाळत."

मी तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा सूनबाई उंबऱ्यात उभी होती आणि तिच्या हातात आमच्या सौ.नं पापडांचं ताट दिलेलं होतं. आमच्या घरी आईचा शब्द अजूनही मोडत नाहीत.

दादानं एकदा ऐकण्याचं तयार यंत्र आणलं. कुणी कान तपासला नाही, काही नाही. चपलेसारखं आणलं आणि कानात घातलं. घरी येताच दादानं त्याचा काटा पूर्ण फिरवला आणि म्हणाला, "आई, कसं वाटतंय?" आईनं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. म्हणाली, "कानात कुकर लावल्यासारखं." तेव्हापासून ते यंत्र कपाटाच्या खणात, वडिलांच्या चष्म्याशेजारी पडून होतं.

अशी सगळी पूर्वपीठिका असताना माझ्या पुतण्याच्या मनात आजीबद्दल माया दाटून आली.

हा पुतण्या लातूर पॅटर्नमध्ये शिकलेला. म्हणजे सरावाच्या दहा प्रश्नपत्रिका सोडवल्याशिवाय तो कशाला हात लावत नाही. फक्त हा एक पेपर त्यानं सराव न करता दिला. गेल्या दिवाळीत आईला आणायला मी गाडी घेऊन लातूरला गेलो, तर सकाळी गाडी जागेवर नव्हती. दुपारी ती गंजगोलाईकडून परत आली तेव्हा डिकीत एक लोखंडी पेटी होती, चारी दारांत नवे स्पीकर होते आणि पुढच्या काचेच्या दोन्ही कोपऱ्यांत बटणाएवढे दोन छोटे स्पीकर होते. त्यांना ट्वीटर म्हणतात, ही माहिती मला पहिल्यांदा तेव्हा मिळाली.

"काका, आजीला गाडीत ऐकू येत नाही म्हणूलालाव ना? आता बघा. मित्रानंच बसवून दिलाय ॲम्प्लिफायर. पार फुल्ल करून दिलाय."

हे 'फुल्ल' लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दात आहे.

लातूर सोडलं. मी पेनड्राइव्हवरचं कीर्तन लावलं. आवाजाचा आकडा एकवर होता, काही कळेना. दोन केला. बुवा कुजबुजल्यासारखे वाटले, पण त्यांच्यामागे पाऊस पडत असल्यासारखी सूं सूं येत होती. चार केला, आणि बुवा एकदम आमच्या मांडीवर येऊन बसले. गाडीच्या रेडिओवर आकडे चाळीसपर्यंत होते. त्यांतले छत्तीस आता शोभेचे झाले होते.

अष्टामोड गेल्यावर मागून सौ. म्हणाली, "कुणीतरी शिट्टी वाजवतंय."

खरंच शिट्टी येत होती. मी वेग वाढवला की ती वर चढे, वेग कमी केला की खाली उतरे. सौ.नं दोनदा माझ्या तोंडाकडे वाकून पाहिलं. या वयात मी गाडी चालवताना शिट्टी वाजवतोय, आणि तीही सासूबाईंसमोर, असा तिचा समज झाला. आईला ती शिट्टी ऐकू येत नव्हती. त्या दिवशी गाडीत सुखी अशी ती एकटीच.

चाकूरला मी आवाज पाच केला. बुवांचा घसा फाटला. आईनं कानावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, कीर्तनात रंगली. मी सहा केला. आई म्हणाली, "त्या बुवाला घोटभर पाणी दे रे कुणीतरी." अहमदपूरच्या अलीकडे उजव्या कोपऱ्यातल्या ट्वीटरमधून टिक् असा आवाज आला, बिब्बा जाळल्यासारखा वास सुटला आणि त्या बाजूचे टाळ कायमचे बंद झाले. बुवांनी पुढचं निरूपण एका बाजूच्या टाळांवर केलं.

नांदेडला जुन्या मोंढ्याकडे एक उस्ताद बसतात. आमच्याकडे हातानं काम करून पोट भरणाऱ्या आणि दुसऱ्याचं काम पाहून मान हलवणाऱ्या कुठल्याही माणसाला उस्ताद म्हणतात. यांचं टपरीवजा दुकान गाड्यांच्या रेडिओचं. उस्तादांनी डिकी उघडली, पेटीवर टॉर्च मारला आणि विचारलं, "काका, हे कुणी फिरवलं?"

"काय?"

"गेन."

"पुतण्याच्या मित्रानं. लातूरला."

'लातूरला' म्हटल्यावर उस्तादांनी जी मान हलवली, तिच्यात आयुक्तालयाचा सगळा निकाल होता.

पेटीच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा एक बारका खटका होता. एका टोकाला ६ लिहिलं होतं, दुसऱ्या टोकाला ०.२. खटका ०.२ कडे टेकलेला होता. मी कोषागारातला माणूस. आकडे मला कळतात. मी म्हणालो, "अहो, हा तर सगळ्यांत कमीवर आहे. फुल्ल कुठाय?"

उस्तादांनी मला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि माझी शाळा घेतली.

"काका, हा आवाजाचा खटका नाय. आवाज तुमच्यासमोर, रेडिओवर. हा काटा हाय. वजनाचा काटा. रेडिओकडून किती माल येणार, ते या पेटीला आधी सांगावं लागतं. ०.२ म्हंजे, बाई, माल लई थोडा येणार, पाव व्होल्टपेक्षा बी कमी, तेवढ्यातच तू पूर्ण जोर लाव. ६ म्हंजे, माल भरपूर येणार, जरा दमानं घे. तुमचा रेडिओ देतोय चार व्होल्ट. अन् काटा लावलाय सोनाराचा. सोनाराच्या काट्यावर सोयाबीनचं पोतं ठेवलं, तर काय होईल?"

"काटा टोकाला जाईल."

"अन् तिथंच बसल. मग पोतं पन्नास किलोचं हाय का शंभरचं, काट्याला कळतंय का? तसं झालंय."

आडत्याच्या भावाला याहून सोपं करून सांगता येणार नाही. ०.२ हा आकडा लहान म्हणून आवाज लहान, असं मी धरून चाललो होतो. ते ज्येष्ठता यादीसारखं होतं. तिथं एक नंबरचा माणूस सहा नंबरच्या माणसापेक्षा मोठा असतो, हे मी बत्तीस वर्षं नोकरी करून विसरलो होतो.

उस्तादांनी मग कागदावर एक लाट काढली. गोल डोक्याची, पोटाशी तेवढीच खोल. हा सूर, म्हणाले. ॲम्प्लिफायर ही लाट मोठी करतो, पण त्याच्या पोटात जेवढी ताकद आहे तेवढीच. पाहिजे त्याच्या वीसपट माल आत ढकलला तर लाट वाढायची तेवढी वाढते आणि मग छताला डोकं लागून वरून कापली जाते. गोल डोक्याची लाट सपाट होते. कानाला ती फाटकी, खरखरीत लागते. त्या कापलेल्या कडांमधून मूळ सुरात नसलेले तीक्ष्ण आवाज निघतात आणि ते सगळे जाऊन बसतात बिचाऱ्या ट्वीटरच्या डोक्यावर. त्याच्या आतली तार केसासारखी. ती तापते आणि जळते.

"म्हणजे ट्वीटर जास्त आवाजानं गेला?"

"नाय काका. खराब आवाजानं गेला."

शिट्टीचंही तेच. गाडीतलं विजेचं जनित्र इंजिनाबरोबर फिरतं, त्याची बारीक कुरकुर तारांत शिरते. एरवी ती कुणाच्या लक्षात येत नाही. पण सोनाराचा काटा लावून बसलं की ती धूळसुद्धा तोलली जाते.

हे ऐकताना मला १९७४ सालचं एक लग्न आठवलं. लोह्याजवळच्या खेड्यात चुलतबहिणीचं लग्न होतं. मी पंधरा वर्षांचा. लाऊडस्पीकरवाल्याबरोबर माझ्याच वयाचा एक पोरगा आला होता. मालक जेवायला बसला, आणि पोरग्यानं माझ्यावर छाप पाडण्यासाठी सगळ्या पिना स्वतः खोचल्या. रेकॉर्डची पिन माइकच्या भोकात आणि माइकची पिन रेकॉर्डच्या भोकात. आता माइकमधून येणारी वीज व्होल्टच्या हजाराव्या हिश्शात मोजायची, आणि त्या वेळच्या तबकडीच्या सुईतून येणारी दहाव्या हिश्शात. शंभरपटीचा फरक. शहनाई सुरू झाली आणि भोंग्यातून बकरं कापल्याचा आवाज आला. नवरदेवाची घोडी जानवशाकडे परत पळाली. मग मंगलाष्टकं. भटजी माइकला ओठ लावून ओरडत होते, आणि भोंग्यातून काहीच येत नव्हतं. मागच्या मंडळींना 'सावधान' कधी झालं ते कळेना. प्रत्येकानं आपापल्या अंदाजानं अक्षता टाकल्या. मामा म्हणाले, हा मुलगी रडवण्याचा मुहूर्त आहे. भटजींनी दक्षिणेत घशाचा वेगळा आकार मागितला. त्या मंडपात आवाज कमी नव्हता, यंत्र बिघडलं नव्हतं, माणसंही शहाणी होती. फक्त बोलणाऱ्याचं माप एक होतं आणि ऐकणाऱ्याचं दुसरं. पन्नास वर्षांनी मला त्या पोरग्याची चूक कळली. मालकाच्या थोबाडीत खाताना ती त्यालाही कळली नसावी.

उस्तादांनी माप जुळवायला घेतलं. स्पीकरच्या तारा सोडवल्या. एका पेनड्राइव्हवर नुसता एकच सूर भरून ठेवला होता, सेकंदाला हजार कंपनांचा. तानपुऱ्याला ताप आल्यासारखा. रेडिओचा आकडा तीसवर ठेवला. त्यापुढे रेडिओ स्वतःच फाटायला लागतो, म्हणाले. बास आणि काय काय वाढवलं होतं ते सगळं शून्यावर आणलं. मग मीटर घेतला.

"तुमची पेटी खरी पन्नास वॅटची. स्पीकर चार ओहमचा. पन्नास चोक दोनशे. दोनशेचं वर्गमूळ सांगा."

शाळा सोडल्यापासून वर्गमूळ वापरायची वेळ प्रथमच आली होती. मी खिशातला पासबुकाचा कागद काढून जुन्या पद्धतीनं, जोड्या पाडून, भागाकार मांडला. माझं चौदापर्यंत आलं तोवर उस्ताद म्हणाले, "चौदा पॉइंट चौदा." त्यांना पंचवीस वॅटपासून पाचशे वॅटपर्यंत सगळी पाठ होती. तेवढे व्होल्ट मीटरवर दिसेपर्यंत खटका फिरवायचा आणि तिथं हात काढायचा. खटका ४ च्या जवळ थांबला.

"पण पेटीवर तर दोनशे वॅट लिहिलंय," मी म्हणालो.

"काका, पेटीवरचे वॅट अन् स्थळाच्या कागदावरला पगार, दोन्ही सारखेच. चौथा हिस्सा खरा धरायचा."

मग त्यांनी सुराची तार विजेच्या जाड तारेपासून सोडवून गाडीच्या दुसऱ्या बाजूनं नेली, पत्र्यावरचा रंग खरवडून अर्थिंगचा नट पक्का केला आणि नवा ट्वीटर बसवला. कीर्तन लावलं. दहावर बुवा समोर बसून बोलत होते, वीसवर देवळात उभे होते. शिट्टी नव्हती, पाऊस नव्हता. बुवांच्या श्वासाचा आवाजसुद्धा येत होता. खटका तर मी कमी केलेला पाहिला होता, आणि ऐकू मात्र जास्त येत होतं.

पैसे घेताना उस्तादांनी विचारलं, "एवढा आवाज कुणाला पाहिजे होता?"

"आईला. तिला ऐकू येत नाही."

उस्तादांनी स्क्रूड्रायव्हर शर्टाच्या खिशाला लावला. "मग तो गेन माझ्याकडं नाय, काका. तो कानाच्या डॉक्टरकडं."

माणसाच्या आयुष्यात कधी कधी अशी वेळ येते, की जी गोष्ट बायको दहा वर्षं सांगत असते तीच परका माणूस सांगतो आणि ती पटते. मी घरी येऊन सौ.ला हे सांगितलं. ती काही बोलली नाही. तिनं फक्त चहात साखर कमी घातली.

कानाच्या तपासणीला एक तरुण मुलगी होती. तिनं आईला बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावला आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मग तिनं मला एक कागद दाखवला. त्यावरची रेघ डावीकडून चांगली चालली होती आणि उजवीकडे जिन्यावरून पाय घसरल्यासारखी खाली गेली होती. घुमारे आवाज आईला बरे ऐकू येत होते. बारीक, तीक्ष्ण आवाज गेले होते.

"काका, 'सून' म्हटलं तर आजींना काय ऐकू येतं?"

मी चकित झालो. "ऊन! तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कारण 'ऊ' खालच्या सुरात असतो आणि 'स' वरच्या. तुम्ही ओरडलात की 'ऊ' मोठा होतो. 'स' मोठा करून दाखवा बघू."

मी तिथल्या तिथं पूर्ण ताकद लावून 'स' ओरडून पाहिला. सायकलच्या चाकातली हवा जावी तसा आवाज आला. बाहेर बसलेल्या एका आजोबांनी आत डोकावून पाहिलं. घराण्याचा पन्नास वर्षांचा आवाज त्या एका अक्षरापुढे हरला.

"आणि ओरडू नका हं," ती मुलगी म्हणाली. "या वयात पुष्कळांचं असं होतं, की हळू ऐकू येत नाही आणि मोठं सोसत नाही. मधली जागाच कमी झालेली असते. यंत्र लावताना आम्ही हळू आवाज जास्त वाढवतो, मोठे आवाज जवळजवळ वाढवतच नाही. आणि जिथं गेलंय तिथंच वाढवतो. सगळंच फुल्ल केलं तर कान फाटतात, कळत काही नाही."

"म्हणजे गेन," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मोंढ्यात शिकलो."

चाकूरजवळ आईनं कानावर हात का ठेवला होता, ते मला तिथं कळलं. ती कीर्तनात रंगली नव्हती. तिला दुखत होतं, आणि मी सहा केला होता.

नवं यंत्र कानात बसायला महिना-दीड महिना गेला. पहिल्या दिवशी आईनं तक्रार केली, की वर्तमानपत्र फार वाजतं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, नळ गळतोय; तो गेली चार वर्षं गळत होता. एका सकाळी ती अंगणात हात हलवत उभी होती. मी घाबरून गेलो, तर म्हणाली, "बांगड्या वाजतात रे अजून."

यंदा गुढी उभारून, श्रीखंड खाऊन, करारानुसार मी आईला घेऊन लातूरला निघालो. सौ. मागे झोपली. आई पुढे, माझ्या शेजारी. मी बुवांना पंधरावर ठेवलं. लोह्यापर्यंत तिनं ऐकलं. मला वाटलं, आता काहीतरी कौतुकाचं बोलेल. उस्तादांचं नाही तर निदान माझं.

ती म्हणाली, "छान आहे. बंद कर आता."

मी बंद केलं. माळाकोळी येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग तिच्या त्या नेहमीच्या आवाजात तिनं विचारलं, "एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार की."

"तू माझ्यावर कशासाठी चिडला होतास?"

"मी? कधी?"

"दहा-बारा वर्षं. तू नांदेडला आणि तो लातूरला. दोघंही. जेवायला ये म्हणायचात तेसुद्धा चिडूनच. म्हटलं, म्हातारं माणूस घरात असलं की पोरं वैतागतात. विचारून आणखी कशाला वाढवायचं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली घेतली. काय बोलावं ते सुचेना. बारा वर्षं आम्ही दोघं भाऊ तिला 'जेवलीस का', 'औषध घेतलंस का', 'बरं वाटतंय का' असंच विचारत होतो. त्यातले शब्द वाटेत कापले जात होते, आणि तिच्यापर्यंत जे पोचत होतं तो नुसता राग होता.

"चिडलो नव्हतो गं!" मी म्हणालो. सवयीनं, कोषागाराच्या खिडकीतून म्हणावं तसं.

तिनं हात वर केला. मी थांबलो. आवाज खाली आणला, तिच्याकडे तोंड केलं आणि पुन्हा म्हणालो, "चिडलो नव्हतो. तुला ऐकू यावं म्हणून ओरडत होतो."

"ऐकलं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "चल आता. तो वाट बघत असेल."

अहमदपूर आलं, शिरूर ताजबंद गेलं, चाकूर गेलं. आई बोलत होती. वडिलांना मास्तरकीचा पहिला पगार किती होता, दादानं लहानपणी कुणाच्या चिंचा चोरल्या आणि मार मी कसा खाल्ला, सूनबाईच्या हातच्या वरणाला हिंग कसा कमी पडतो. चाळीस आकडे असलेला तो रेडिओ बंद होता. त्याच्यावर एवढा खर्च करून तो बंदच चांगला वाजतो, असं मला पहिल्यांदा वाटलं. मागून सौ. म्हणाली, "शिट्टी गेली वाटतं." ती झोपलेली नव्हती.

लातूरला दादा फाटकातच उभा होता. गाडी थांबते न थांबते तोच त्यानं सौद्याचा आवाज लावला, "काय आई! प्रवास कसा झाला? त्रास नाही ना झाला?"

समोरच्या दुकानातली दोन माणसं बाहेर आली. आईनं यंत्रावर हात ठेवला, दादाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "तुझ्या त्या उस्तादाला विचार ना रे. याचा खटका कुठं असतो?"